विश्लेषण : पन्नाशीत व्यावसायिक चित्रकार होता येते का? बाईचे वय आड येते की कागद?

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळमध्ये ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्यानंतर हा मान त्यांना मिळाला होता. कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशालीताई महाराष्ट्राला कळल्या त्या ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी’ म्हणून. त्या ‘तेरवं’ या नाटकात भूमिका करत होत्या, म्हणजे रंगमंचावर उभ्या राहिलेल्या कलावंत होत्या, ही ओळख बातम्यांत मागे राहिली.

वैशालीताईंचे वय तेव्हा फार नव्हते. पण लग्न, मुले, वैधव्य आणि अंगणवाडीची नोकरी एवढे सगळे झाल्यावर त्या कलेकडे आल्या होत्या. जिल्ह्यात अशा बाया कमी नाहीत. कोणी चित्र काढते, कोणी बंजारा भरतकाम करते, कोणाच्या रांगोळीसमोर दिवाळीत लोक फोन काढून उभे राहतात. मुले मोठी झाली, सासू-सासऱ्यांचे करून झाले की मनात येते, आता हेच काम म्हणून करावे. आणि लगेच दुसरा विचार येतो, ‘आता या वयात?’

वयाचा प्रश्न खरा आहे, पण तो पहिला नाही. पहिला प्रश्न नोंदीचा आहे.

उशिरा सुरुवात करून कोणाचे झाले आहे?

जगभर सांगितले जाणारे उदाहरण अमेरिकेतल्या ‘ग्रँडमा मोझेस’ यांचे. शेतकरी घरातली ही बाई सत्तरी उलटल्यावर नेटाने चित्रे काढू लागली. गावच्या जत्रेत तिने मुरंबे आणि चित्रे दोन्ही मांडली, तर बक्षीस मुरंब्यांना मिळाले. १९३८मध्ये औषधाच्या दुकानात लावलेली तिची चित्रे एका संग्राहकाने पाहिली आणि विकत घेतली. १९४०मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे पहिले एकल प्रदर्शन झाले तेव्हा ती ८० वर्षांची होती. पुढे ती १०१ वर्षे जगली.

आपल्याला जवळचे उदाहरण मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातील जोधइया बाई बैगा यांचे. पतीच्या निधनानंतर मजुरी करून, लाकूडफाटा विकून घर चालवणाऱ्या या आजींनी सत्तरीच्या आसपास कुंचला धरला. शिक्षक आशिष स्वामी यांनी त्यांना कागद आणि रंग दिले. २०१९मध्ये त्यांची चित्रे इटलीत मिलानला पोहोचली, २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. डिसेंबर २०२४मध्ये त्यांचे निधन झाले.

मराठीत पाहायचे तर सुमित्रा भावे. त्या चित्रकार नव्हेत, दिग्दर्शिका. पण उशिरा सुरू झालेली कारकीर्द कशी उभी राहते ते त्यांच्याकडे स्पष्ट दिसते. समाजकार्याचे अध्यापन आणि संशोधन करणाऱ्या सुमित्राताईंनी ‘बाई’ हा पहिला लघुपट १९८५मध्ये केला, तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या. चित्रपटाचे कोणतेही औपचारिक शिक्षण नव्हते. त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुनील सुकथनकरांसोबत केलेला ‘दोघी’ १९९५चा, आणि ‘कासव’ला सुवर्णकमळ जाहीर झाले २०१७मध्ये, म्हणजे वयाच्या ७४व्या वर्षी. आधीच्या संशोधनाची वर्षे वाया गेली नव्हती. त्यांचे विषय त्यातूनच आले.

आणि मुंबईच्या ललिता लाजमी. गुरुदत्त यांच्या भगिनी ही त्यांची ओळख सगळ्यांना ठाऊक असते. त्यांनी पहिले एकल प्रदर्शन १९६१मध्ये केले, पण घर चालवण्यासाठी सुमारे दोन दशके शाळेत चित्रकला शिकवली. चाळिशीत, १९७३ ते १९७६, त्या जे. जे.मध्ये संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मुद्राचित्रण शिकल्या आणि रात्री घरच्या स्वयंपाकघरात छपाई करत राहिल्या. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकन प्रदर्शन भरले ते २०२३मध्ये, नव्वदीत. ते भरल्यानंतर काही आठवड्यांतच त्या गेल्या.

यांतली दोन उदाहरणे खेड्यातली आणि दोन शहरातली. चौघींपैकी एकीलाही कोणी ‘वय झाले’ म्हणून थांबवले असे दिसत नाही. मात्र प्रत्येकीच्या वाटेवर एक ठिकाण असे आहे जिथे कामाची अधिकृत दखल घेतली गेली. एकीकडे संग्राहकाने मोजलेले पैसे, दुसरीकडे शिक्षक, कुठे पुरस्काराची समिती, कुठे संध्याकाळचा वर्ग.

मधुबनीत एका मराठी चित्रकाराने नेमके काय केले?

हे उदाहरण जरा सविस्तर पाहायला हवे, कारण उशिरा सुरू होणारी कारकीर्द कशाने घडते हे त्यात उघड दिसते.

१९६६-६७मध्ये बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मराठी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनी भागात पाठवले. तिथल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या घराच्या भिंतींवर, विशेषतः लग्नाच्या ‘कोहबर’ खोलीत, चित्रे काढत होत्या. कुलकर्णींनी त्यांना नवे काही शिकवले नाही. त्यांनी कागद दिला. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो. मंडळाने चित्रे विकत घेतली आणि दिल्लीत त्यांना गिऱ्हाईक मिळाले.

आता वये पाहा. जितवारपूरच्या जगदंबा देवी यांचा जन्म १९०१चा. कागद हातात आला तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या. १९७५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच गावच्या सीता देवी १९१४च्या, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांना १९८१मध्ये पद्मश्री. पुढच्या काळातल्या दुलारी देवी तर महासुंदरी देवींच्या घरी धुणीभांडी करायच्या. तिथेच पाहून शिकल्या आणि २०२१मध्ये पद्मश्रीपर्यंत गेल्या.

हात तोच होता, रेषाही आधीपासून तीच होती. बदलल्या तीन गोष्टी. चित्र उचलून नेता येऊ लागले, त्याला रुपयांत भाव मिळाला आणि चित्राला काढणारीचे नाव लागले. त्याआधी भिंतीवरचे चित्र ‘घरचे’ असायचे, दुसऱ्या वर्षी त्यावर पुन्हा सारवण होत असे.

मग वारलीत बाया मागे का राहिल्या?

हेच भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकात डहाणू परिसरात वारली पाड्यांवर गेले. वारली लग्नात देवचौक रेखाटण्याचे काम सवाष्ण बायांचे, आणि लग्न लावणारी धवलेरीही बाईच. म्हणजे मधुबनीसारखीच ही बायांची कला. पण कागदावर आणि बाजारात जे नाव मोठे झाले ते जिव्या सोमा म्हसे यांचे. १९७५मध्ये मुंबईत गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचे प्रदर्शन झाले, २०११मध्ये पद्मश्री मिळाली. म्हसे यांची प्रतिभा वादातीत आहे. त्यांनी लग्नाच्या विधीपुरते चित्र मोकळे केले, त्यात रोजचे जगणे, मासेमारी, रेल्वे आणली.

तरीही एक गोष्ट खटकते. चौक काढणे हे बायांचे कर्तव्य होते, चित्रकार होणे हा व्यवसाय होता. व्यवसायासाठी मुंबई-दिल्लीला जावे लागते, चार दिवस घराबाहेर राहावे लागते, अनोळखी माणसाशी भावाचे बोलावे लागते. त्या काळी पाड्यावरच्या बाईला यातले किती शक्य होते? आज अनेक वारली महिला कागदावर आणि कापडावर काम करतात. पण सुरुवातीच्या वीस-तीस वर्षांत ज्यांची नावे लागली नाहीत, त्यांची मागे जाऊन नोंद कोणी करणार नाही.

यवतमाळमध्ये काय अडते?

आधी वेळ. केंद्राच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकामात बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७. हे आकडे देशाचे आहेत आणि त्यात ते काम करणाऱ्यांचीच सरासरी आहे. फरक तीन तासांहून जास्त आहे. एका मध्यम आकाराच्या चित्राची एक बैठक त्यात सहज बसते.

मग अंतर. नागपूर दीडशे किलोमीटरवर. शासकीय चित्रकला महाविद्यालय तिथे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तिथे. मुंबईच्या जहांगीर कलादालनात तारीख मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, तेही निवड झाली तर. एसटीने महिलांना अर्धे तिकीट केले त्याचा इथे खरोखर उपयोग होतो. चार बाय तीनचा कॅनव्हास बसच्या टपावर टाकायचा की मांडीवर घ्यायचा, हा प्रश्न मात्र उरतोच. (कॅनव्हास चौकटीतून काढून, चित्राची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळून नेता येतो, रंग पूर्ण वाळलेला हवा.)

तिसरी अडचण नावाची आहे, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, मंडळाच्या स्मरणिकेत ‘सौ.’ लावून तिसरेच, आणि इन्स्टाग्रामवर टोपणनाव. पंचवीस वर्षांचे काम एकाच बाईचे आहे हे तिला स्वतःला ठाऊक असते, छाननी समितीला कसे कळणार? एकच नाव ठरवावे, तेच चित्रावर, तेच बिलावर. जुनी नावे सोडता येत नसतील तर नावबदलाचे राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून ठेवावे.

बंजारा भरतकामाचे दुखणे थोडे वेगळे आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या तांड्यांवर म्हाताऱ्या बायांच्या हातात आरसे, कवड्या आणि टाक्यांचे जे काम आहे, त्याच परंपरेतल्या कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्याकडे ते अजून ‘जुना पोशाख’ या सदरात मोडते. फेटिया-कांचळी घालणाऱ्या पिढीबरोबर टाकेही जातील, ही भीती तांड्यावर बोलून दाखवली जाते.

चित्राची किंमत कशी लावायची?

इथे बहुतेक जणी गडबडतात. नात्यातल्या माणसाने ‘छान आहे गं, आम्हाला एक दे’ म्हटले की चित्र भेट म्हणून जाते. भिंतीवर लागते, पण हिशेबात येत नाही.

एक साधे गणित करून पाहू. समजा एका चित्राला कॅनव्हास आणि रंग मिळून ६०० रुपये लागले, आणि रोज चार तास याप्रमाणे सहा दिवस गेले, म्हणजे तीन पूर्ण दिवसांचे काम. ते १,००० रुपयांना दिले तर मेहनतीचे ४०० उरले. दिवसाला सुमारे १३३ रुपये. २०२५-२६ साठी रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये आहे. म्हणजे खड्डा खणणाऱ्या हाताला चित्र काढणाऱ्या हाताच्या दुपटीहून जास्त मिळाले. हातकामाला मजुरीपेक्षा कमी भाव लावला तर तो छंद झाला, धंदा नाही.

त्यामुळे किमान किंमत म्हणजे साहित्य, अधिक तासांचा दर, अधिक चौकट-पॅकिंग-कुरिअर. गॅलरीतून विकले तर विक्रीच्या किमतीतला तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम गॅलरी ठेवते, हेही आधीच धरावे लागते. सुरुवातीला भाव कमी ठेवायला हरकत नाही, पण एकाच आकाराचे चित्र शेजारणीला ५०० आणि नागपूरच्या प्रदर्शनात ५,००० असे करू नये. गिऱ्हाईक बोलतात एकमेकांत.

कराची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. राज्यातल्या राज्यात वस्तू विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. साध्या बिलबुकावर क्रमांक, तारीख, चित्राचे नाव, आकार आणि रक्कम लिहून दिली तरी ती पावती होते. पैसे मात्र स्वतःच्या नावाच्या खात्यात यावेत. मुलाच्या फोनवर आलेले पैसे कारकिर्दीच्या हिशेबात मोजले जात नाहीत.

चित्र विकले म्हणजे ते छापण्याचा हक्कही विकला, असे होत नाही. कॉपीराइट कायद्यानुसार त्या हक्काचे हस्तांतर लेखी लागते. कोणी पैसे देऊन खास काढून घेतलेल्या चित्राबाबत नियम वेगळा आहे, तिथे आधीच लिहून घ्यावे. शिवाय चित्र पुढे १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकले गेले तर मूळ चित्रकाराला त्यात वाटा मागण्याची तरतूदही कायद्यात आहे, कमाल १० टक्क्यांपर्यंत.

सरकारी योजनांत वय कुठे आडवे येते?

काही दरवाजे वयाने बंद होतात, हे खरे. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २५ ते ४०. पण त्याच मंत्रालयाची वरिष्ठ अधिछात्रवृत्ती चाळिशीनंतरच मिळते. महिना २०,००० रुपये, दोन वर्षे. दृश्यकला आणि लोककला दोन्ही तिच्या कक्षेत येतात. त्यासाठी प्रकल्पाचा प्रस्ताव आणि आजवरच्या कामाचा पुरावा द्यावा लागतो. त्या वर्षीच्या जाहिरातीतल्या अटी शांतपणे वाचाव्यात.

राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना पन्नाशीनंतरची आहे. मानधन महिना ५,००० रुपये, निवड जिल्हास्तरीय समितीमार्फत. तिची कळीची अट मात्र वयाची नाही. कलाक्षेत्रात किमान १५ वर्षांचे योगदान दाखवावे लागते. पंधरा वर्षे भिंतीवर, अंगणात आणि नातलगांच्या दिवाणखान्यात काम केलेल्या बाईकडे दाखवायला काय असते? वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत असावे ही अटही आहे. म्हणजे महिन्याला ५,००० कमावणारी कलावंत काठावर येते, आणि चांगले विकू लागली की बाहेर जाते. निराधार वृद्ध कलावंतांसाठी ही योजना योग्यच आहे, पण तिच्यावर कारकीर्द उभी राहत नाही.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल खूप विचारणा होते. तिच्या १८ व्यवसायांत मूर्तिकार, कुंभार, शिंपी, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत. चित्रकार आणि भरतकाम करणाऱ्या नाहीत. त्यांच्यासाठी उपयोगी ठरते ते केंद्रीय वस्त्र मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांचे ‘पहचान’ ओळखपत्र. लोकचित्रकला आणि भरतकाम दोन्ही त्यात बसतात, आणि सरकारी हस्तकला प्रदर्शनांत जागा मागताना ते कामी येते. बचत गटात असाल तर ‘उमेद’च्या सरस प्रदर्शनाची वाट वेगळी. कॅनव्हासवर स्वतंत्र काम करणारींनी कला संचालनालयाचे राज्य कला प्रदर्शन पाहावे. त्यात विद्यार्थ्यांपासून वेगळा कलाकार विभाग असतो.

नोंद म्हणजे नेमके काय ठेवायचे?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी आमच्या ड्रॉइंग शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ‘टायटल ब्लॉक’ असायचा. नाव, तारीख, मोजमाप, शीट क्रमांक. तो भरला नसेल तर सर शीट तपासतच नसत, रेषा कितीही सुबक असोत. तेव्हा राग यायचा. हा लेख लिहिताना तो कोपरा वारंवार आठवला.

चित्राच्या पाठीमागे तेच लिहायचे. स्वतःचे ठरवलेले नाव, चित्राचे नाव, वर्ष, आकार, माध्यम आणि क्रमांक. मग दिवसाच्या उजेडात, सावलीत, समोरून फोटो, फ्लॅश बंद. तो फोटो व्हॉट्सॲपवर ठेवला तर बारीक होतो, म्हणून मूळ फाइल वेगळी जपावी. एका वहीत प्रत्येक चित्राला एक ओळ, कुठे दाखवले, कोणाला किती रुपयांना दिले. भेट दिले असेल तर ‘भेट’ लिहावे. शाळेतल्या स्पर्धेचे परीक्षण केले, ग्रामपंचायतीची भिंत रंगवली, गणेश मंडळाचे सजावटीचे काम केले, तर लेटरहेडवर दोन ओळींचे पत्र मागून घ्यावे. मागायला संकोच वाटतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

जुने कामही पूर्ण गेलेले नसते. नातलगांच्या घरी जाऊन भिंतीवरच्या चित्रांचे फोटो काढता येतात. लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये मागे रांगोळी दिसते, त्यावर तारीखही असते. स्थानिक वर्तमानपत्राचे कात्रण असेल तर त्याचे नाव आणि दिनांक दिसेल असे स्कॅन करावे. पंधरा वर्षांचा पुरावा बहुतेक वेळा असा तुकड्यातुकड्यांतच गोळा होतो, आणि त्याला दोन-तीन महिने जातात. म्हणून अर्जाची तारीख जाहीर होण्याआधी हे काम उरकलेले बरे.

फोनवर येणाऱ्या संधींबाबत काय?

इन्स्टाग्रामवर चित्रे टाकू लागले की आठवड्याभरात संदेश येतो, ‘तुमची निवड आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी झाली आहे, नोंदणी शुल्क ३,००० रुपये.’ ज्या पुरस्कारासाठी विजेत्यालाच पैसे भरावे लागतात, त्याचे प्रमाणपत्र कोणत्याही गंभीर निवड समितीसमोर चालत नाही. प्रवेश शुल्क असलेल्या खऱ्या स्पर्धाही असतात, पण त्यांचे परीक्षक कोण, मागच्या वर्षीचे प्रदर्शन कुठे झाले, हे शोधल्यावर सापडते.

दुसरा प्रकार गिऱ्हाईक बनून येतो. चित्र न पाहता, भाव न करता लगेच होकार देतो, आणि ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो. अशा वेळी फोन ठेवावा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.